पुरवठा साखळी व्यवस्थापन: साठा, वेळ आणि अनिश्चितता यांचा हिशोब

प्रश्न: खरेदी, उत्पादन, गोदाम आणि वाहतूक हे विभाग कंपन्यांमध्ये पूर्वीपासून आहेतच. मग ‘पुरवठा साखळी व्यवस्थापन’ या नावाखाली वेगळे असे काय केले जाते, आणि त्याला अलीकडे एवढे महत्त्व का दिले जाते?

उत्तर: हे विभाग पूर्वीपासून आहेत हे खरे, आणि त्यांतला प्रत्येक जण आपापले काम चोख करत असतानाही ग्राहकाला माल वेळेवर मिळत नाही, हाही रोजचा अनुभव आहे. खरेदी विभागाला दर पाडून घ्यायचा असतो, म्हणून तो एकदम मोठी ऑर्डर देतो. उत्पादन विभागाला यंत्रांची जुळणी वारंवार बदलायची नसते, म्हणून तो एकाच मालाच्या लांबलचक बॅच काढतो. वाहतूक पाहणारा ट्रक पूर्ण भरल्याशिवाय सोडत नाही, विक्री विभाग महिनाअखेरीस लक्ष्य गाठण्यासाठी सवलत जाहीर करतो, आणि वित्त विभागाला साठ्यात पैसा अडकलेला नको असतो. यांतला एकही निर्णय त्या त्या खुर्चीवरून पाहिला तर चुकीचा नाही. तरीही सगळ्यांची बेरीज अशी होते, की गोदाम मालाने भरलेले असते आणि ग्राहकाने मागितलेली नेमकी वस्तू तेवढी त्यात नसते. कच्च्या मालाच्या उगमापासून ग्राहकाच्या हातात वस्तू पडेपर्यंत माल, माहिती आणि पैसा ज्या निर्णयांमुळे पुढे सरकतात किंवा अडतात, ते सारे निर्णय एकमेकांकडे पाहून घेणे, म्हणजे पुरवठा साखळी व्यवस्थापन. त्यांतले बरेचसे निर्णय आपल्या कंपनीच्या फाटकाबाहेर, दुसऱ्याच्या कचेरीत घेतले जातात, म्हणून हे काम अवघड आहे.

ही संज्ञा १९८२ मध्ये कीथ ऑलिव्हर या सल्लागारांनी एका वृत्तपत्राच्या मुलाखतीत वापरली आणि तिथून ती रुळली. १९९६ मध्ये ‘स्कोर’ नावाचा एक आराखडा तयार झाला आणि त्यात नियोजन, खरेदी, निर्मिती व वितरण अशी कामांची विभागणी केली गेली. परत येणाऱ्या मालाची व्यवस्था त्यात पुढे जोडली गेली. अभ्यासक्रमात हे सगळे सविस्तर शिकवले जाते आणि ते शिकावेही. परंतु विषय खरोखर कळतो तो एखाद्या वस्तूच्या मागे मागे गेल्यावर.

पाण्याचा साधा विजेचा पंप घ्या. ओतीव लोखंडाचे कवच, तांब्याच्या तारेची गुंडाळी असलेली मोटर, शाफ्ट, इम्पेलर, बेअरिंग, रबरी सील, बोल्ट, वायर, पुठ्ठ्याची पेटी आणि पेटीवरचे लेबल असे पन्नासएक भाग त्यात लागतात असे धरू. एकोणपन्नास भाग जागेवर आहेत आणि सील आलेला नाही, तर एकही पंप तयार होत नाही. किमतीच्या दृष्टीने सील नगण्य असतो, खरेदीच्या बैठकीत त्याचा विषयही निघत नाही. पण तो नसला की मोटरमध्ये आणि कवचात अडकलेला पैसा, जोडणी करणाऱ्या कामगारांचा दिवस आणि मालासाठी ताटकळलेला ट्रक हे सगळे त्याच्यासाठी थांबते. प्रत्येक भाग वेळेवर मिळण्याची शक्यता ९९ टक्के आहे असे मानले, तरी पन्नासही भाग एकाच वेळी हजर असण्याची शक्यता सुमारे ६० टक्केच उरते. प्रत्येक पुरवठादाराला शंभरपैकी नव्याण्णव गुण मिळतात आणि तरी लाइन दर पाच दिवसांत दोनदा अडते. खरेदी विभागाच्या अहवालात ही गोष्ट दिसत नाही, कारण तिथे प्रत्येक पुरवठादाराची ओळ वेगळी असते.

त्याही मागे जा. सील बनवणारा रबराचे मिश्रण दुसऱ्याकडून घेतो, त्या मिश्रणातले एखादे रसायन तिसरा बनवतो, आणि सील पुरवणाऱ्या तीन स्पर्धक कंपन्या आपण ‘पर्याय’ म्हणून यादीत ठेवलेल्या असल्या, तरी त्या तिघीही तेच रसायन एकाच कारखान्यातून घेत असू शकतात. आपल्या यादीत तीन नावे आहेत, प्रत्यक्षात मात्र आधार एकच आहे. थेट पुरवठादाराच्या पलीकडे पाहण्याचा आग्रह या विषयात धरला जातो तो यासाठी.

आता साठ्याकडे येऊ, कारण माझ्या मते या विषयाचे मर्म तिथे आहे. साठा का ठेवावा लागतो? माल यायला वेळ लागतो म्हणून, एकदम मागवला की स्वस्त पडतो म्हणून, आणि उद्या किती खपेल हे ठाऊक नाही म्हणून. ग्राहकाला उद्या काय हवे आहे ते आज नक्की कळले असते आणि पुरवठादार दिलेल्या तारखेला हमखास माल देत असता, तर बराचसा साठा ठेवण्याची गरजच उरली नसती. जी माहिती आपल्याकडे नाही, तिच्याबद्दल मोजलेली किंमत गोदामात रचून ठेवलेली असते. म्हणून गोदाम मोठे करावे की नाही, या प्रश्नावर चर्चा करण्याआधी कोणती माहिती कोणापर्यंत पोहोचत नाही, हे विचारावे.

माहिती न पोहोचल्याने काय होते हे आकड्यांत पाहण्यासारखे आहे. साखळीत दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना असे चौघे आहेत. दर आठवड्याला १०० नग खपतात, आणि दुकानदार, घाऊक व्यापारी व वितरक हे तिघेही एकच शहाणपणाचा नियम पाळतात: गेल्या आठवड्यात आपल्याकडून जेवढा माल गेला, त्याच्या दुप्पट साठा हाताशी ठेवायचा. म्हणजे प्रत्येकाकडे २०० नग आहेत. सोयीसाठी मागवलेला माल लगेच मिळतो असे धरू. एका आठवड्यात दुकानात १०० ऐवजी ११० नग खपले. दुकानदाराकडे ९० उरले, आता त्याला २२० हवेत, म्हणून तो १३० ची ऑर्डर देतो. घाऊक व्यापाऱ्याकडून १३० गेले, ७० उरले, त्याला २६० हवेत, म्हणून तो १९० मागवतो. वितरकाकडून १९० गेले, १० उरले, त्याला ३८० हवेत, आणि तो कारखान्याला ३७० ची ऑर्डर पाठवतो. ग्राहकाची मागणी दहा टक्क्यांनी वाढली आणि कारखान्यात ती जवळपास चौपट होऊन पोहोचली. कारखानदार जादा पाळी लावतो, ओव्हरटाइम देतो, कच्चा माल चढ्या भावाने उचलतो. पुढच्या आठवड्यातही दुकानात ११० च खपतात. दुकानदार आता ११० मागवतो. घाऊक व्यापाऱ्याकडे १५० उरतात आणि त्याला २२० हवेत, म्हणून तो फक्त ७० मागवतो. वितरकाकडून ७० जाऊन ३१० उरतात, त्याला १४० पुरेसे आहेत, म्हणून तो काहीच मागवत नाही. कारखान्याची ऑर्डर एका आठवड्यात ३७० वरून शून्यावर येते. दरम्यान ग्राहकाच्या बाजूने काहीही बदललेले नाही.

या उदाहरणात कोणी खोटे बोललेले नाही, कोणी आळस केलेला नाही, कोणाचे गणितही चुकलेले नाही. मात्र प्रत्येकाने ग्राहकाची मागणी पाहण्याऐवजी खालच्याची ऑर्डर पाहिली. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक जे फॉरेस्टर यांनी हा परिणाम १९५८ मध्येच दाखवून दिला होता, आणि तिथे तयार झालेला एक खेळ आजही जगभरच्या वर्गांत खेळवला जातो. त्यात चांगले शिकलेसवरलेले लोकसुद्धा काही फेऱ्यांत साखळीची दाणादाण उडवतात आणि मग शेजारच्याला दोष देतात. प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीला आपल्या लहान मुलांच्या डायपरच्या ऑर्डरमध्ये हेच दिसले होते: बाळांचा वापर तर स्थिर असतो, तरी ऑर्डर मात्र प्रचंड वर-खाली होत होत्या. याला ‘बुलव्हिप इफेक्ट’ हे नाव मिळाले, कारण चाबकाची मूठ थोडी हलली तरी त्याचे टोक जोरात फटकारते. हाऊ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये त्याची चार कारणे नोंदवली. प्रत्येक पायरीवर स्वतंत्र अंदाज बांधणे, ऑर्डर साठवून एकदम देणे, सवलतींमुळे किमती वर-खाली होणे, आणि टंचाईच्या भीतीने गरजेपेक्षा जास्त मागवणे. शेवटचे कारण सर्वांत धोकादायक आहे, असे मी माझ्या अनुभवावरून सांगेन. कारण ‘निम्माच माल मिळेल’ अशी कुणकुण लागली की प्रत्येक जण दुप्पट मागतो, कारखानदाराला ती खरी मागणी वाटते, तो क्षमता वाढवतो, आणि ती उभी राहीपर्यंत सगळ्या जादा ऑर्डर रद्द झालेल्या असतात.

यावर उपाय माहीत नाहीत असे नाही. दुकानातील प्रत्यक्ष विक्रीचे आकडे सर्व पायऱ्यांना दिसू देणे, लहान आणि वारंवार ऑर्डर स्वीकारणे, सारख्या सवलती जाहीर करण्याऐवजी स्थिर दर ठेवणे, टंचाईच्या काळात ऑर्डरच्या आकड्याऐवजी मागील विक्रीच्या प्रमाणात माल वाटणे, हे सगळे उपाय दोन-तीन दशकांपासून सर्वांना ठाऊक आहेत. १९७४ मध्ये पहिल्यांदा दुकानात बारकोड वाचला गेला, तेव्हापासून विक्रीची माहिती मिळवणे तांत्रिकदृष्ट्या सोपे होत आले आहे. अडते ते विश्वासावर. आपले विक्रीचे आकडे पुरवठादाराला दिले तर तो भाव वाढवील किंवा ते आपल्या स्पर्धकाला कळतील, ही भीती खरी असते आणि नवे सॉफ्टवेअर घेतल्याने ती जात नाही.

वेळेच्या अनिश्चिततेबद्दल याहून कमी बोलले जाते, म्हणून तिथे थोडे थांबतो. रोज सरासरी १०० नग खपतात, त्यातील चढ-उताराचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून साधारण किती ढळते त्याचे माप, २० नग आहे, आणि ऑर्डर दिल्यापासून माल हातात येईपर्यंतचा काळ, म्हणजे लीड टाइम, १६ दिवसांचा आहे असे धरा. शंभरपैकी ९५ वेळा माल कमी पडू नये असे ठरवले, तर प्रचलित सूत्राने सेफ्टी स्टॉक, म्हणजे अनिश्चिततेपोटी ठेवलेला जादा साठा, निघतो तो असा: १६ चे वर्गमूळ ४, त्याला २० ने गुणून ८०, आणि ९५ टक्क्यांसाठीचा गुणक १.६५ लावून १३२ नग. हे झाले लीड टाइम अगदी ठाम असेल तर. पण पुरवठादाराचे १६ दिवस कधी १२ होतात, कधी २१, आणि त्या दिवसांचे प्रमाण विचलन ४ दिवस आहे, असे निघाले तर तोच सेफ्टी स्टॉक सुमारे ६७३ नगांवर जातो (४ दिवस गुणिले रोजचे १०० म्हणजे ४००; ८० आणि ४०० यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ सुमारे ४०८, त्याला १.६५ ने गुणायचे). आता दोन प्रस्ताव समोर आहेत. एक पुरवठादार जादा पैसे घेऊन १६ ऐवजी ८ दिवसांत माल द्यायला तयार आहे, परंतु त्याची ४ दिवसांची अनिश्चितता तशीच राहणार. दुसरा १६ दिवसच घेणार, पण अनिश्चितता निम्म्यावर, म्हणजे २ दिवसांवर आणणार. पहिल्याकडे गेलात तर सेफ्टी स्टॉक ६६७ च्या आसपास राहतो, म्हणजे हाती जवळजवळ काहीच लागत नाही. दुसऱ्याकडे गेलात तर तो सुमारे ३५५ वर उतरतो. लवकर माल देणाऱ्याला सगळे नावाजतात आणि ठरल्या दिवशी माल देणारा मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही. साठ्याच्या हिशोबात मात्र दुसऱ्याचे पारडे अनेकदा जड ठरते. वेग कुठेच उपयोगी नाही असे मी म्हणत नाही, कारण वाटेतला माल कमी होतो आणि अंदाज कमी लांबचा बांधावा लागतो. पण जलद वाहतुकीसाठी पैसे मोजण्यापूर्वी हा हिशोब कागदावर करून पाहावा.

पैशांच्या बाजूने हा विषय का महत्त्वाचा आहे, ते दोन लहान हिशोबांत सांगता येते. अनेक उत्पादन उद्योगांत विक्रीतून आलेल्या प्रत्येक शंभरातील निम्म्याहून अधिक रक्कम बाहेरून घेतलेल्या मालावर आणि सेवांवर जाते. समजा ६० खरेदीवर जातात, ३५ बाकीच्या खर्चात आणि ५ नफा उरतो. खरेदीच्या एकूण खर्चात ५ टक्के बचत झाली तर ३ वाचतात आणि नफा ५ वरून ८ होतो. नफ्याचे प्रमाण तेच ठेवून एवढा नफा विक्रीतून मिळवायचा, तर विक्री ६० टक्क्यांनी वाढवावी लागेल. हे गणित बरोबर आहे आणि त्याचा सर्रास गैरवापर होतो, कारण ते पाहिलेला अधिकारी पुरवठादाराला बोलावून पाच टक्के दर कमी करायला सांगतो. पुरवठादार दर कमी करतो, मग कच्च्या मालाची प्रत उतरते, तपासणीतून नापास होणारे नग वाढतात, आणि आपली ऑर्डर त्याच्या यादीत सर्वांत खाली जाते. बचत व्हायला हवी ती वाया जाणाऱ्या गोष्टींतून: दोनदा होणारी तपासणी, रिकामा परतणारा ट्रक, गरज नसताना आठ प्रकारचे बोल्ट वापरणारी रचना, तातडीने विमानाने मागवलेला माल.

दुसरा हिशोब खेळत्या भांडवलाचा. माल सरासरी ६० दिवस साठ्यात राहतो, विकल्यानंतर पैसे ४५ दिवसांनी मिळतात आणि आपण पुरवठादाराला ३० दिवसांनी पैसे देतो, तर ७५ दिवस आपलाच पैसा अडकलेला असतो. साठ्याचे दिवस ६० वरून ४० झाले तर ७५ चे ५५ होतात आणि तेवढे कर्ज कमी काढावे लागते. पुरवठादाराचे पैसे ९० दिवसांवर ढकलूनही कागदावर हाच परिणाम दिसतो, आणि पुष्कळ कंपन्यांना हा मार्ग सोपा वाटतो; मात्र अशाने साखळीतील सर्वांत अशक्त घटकाला सर्वांत महाग कर्ज काढावे लागते, आणि तो व्याजाचा बोजा शेवटी दरात चढून आपल्याकडेच परत येतो.

जगभर पसरलेल्या साखळ्या शक्य झाल्या त्या एका साध्या पोलादी पेटीमुळे, हे आता जवळपास विसरले गेले आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅकलीन यांचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन अमेरिकेतील न्यूअर्क बंदरातून ह्यूस्टनला निघाले. त्या वेळच्या हिशोबानुसार सुटा माल जहाजावर चढवण्याचा खर्च टनामागे ५.८६ डॉलर होता आणि पेटीतून तो सुमारे १६ सेंटवर आला. हा फरक एवढा मोठा होता, की पुढच्या काही दशकांत कारखाना ग्राहकाजवळ असण्याची सक्ती अनेक वस्तूंपुरती संपलीच. एका वस्तूचे भाग चार देशांत बनून पाचव्यात जोडले जाऊ लागले, आणि एकट्या कंपनीने पेलायची जोखीम अशा ठिकाणी जाऊन बसली, जिथपर्यंत तिची नजर पोहोचत नाही.

या जोखमीचे सर्वांत बोलके उदाहरण मला मार्च २००० मधील वाटते. अमेरिकेतील अल्बुकर्की येथे फिलिप्सच्या चिप कारखान्यात वीज पडून आग लागली. ती काही मिनिटांतच विझली, पण धूर आणि पाणी यांनी धूलिकणविरहित दालने खराब केली. त्या चिप नोकिया आणि एरिक्सन या दोन्ही कंपन्यांच्या मोबाइल फोनमध्ये लागत होत्या, आणि सुरुवातीला दोघांनाही साधारण आठवडाभराचा उशीर होईल असे कळवण्यात आले. नोकियाने त्या भागांवर रोज लक्ष ठेवायला सुरुवात केली, उशीर महिन्यांवर जाणार हे ओळखले, वरिष्ठांना मध्ये घातले, दुसऱ्या ठिकाणची क्षमता मिळवली आणि जिथे शक्य होते तिथे रचनेत बदल करून घेतला. एरिक्सनमध्ये हा विषय बराच काळ खालच्याच पातळीवर राहिला, आणि काही भागांसाठी दुसरा पुरवठादारही नव्हता. एरिक्सनचे नुकसान सुमारे ४० कोटी डॉलरचे मोजले गेले. पुढच्याच वर्षी तिने आपला हँडसेटचा व्यवसाय सोनीबरोबरच्या भागीदारीत नेला, अर्थात त्याला इतर कारणेही होती. आग एकच होती आणि बातमीही दोघांना सारखीच मिळाली होती. फरक पडला तो एका किरकोळ वाटणाऱ्या उशिराची बातमी किती लवकर निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसापर्यंत गेली, यामुळे.

‘जस्ट इन टाइम’, म्हणजे लागेल तेव्हा आणि लागेल तेवढाच माल आणण्या-बनवण्याच्या पद्धतीबद्दल येथे एक गैरसमज दूर करायला हवा. संकट आले की सगळा दोष या पद्धतीला दिला जातो, जणू साठा शून्यावर आणणे एवढेच तिच्यात सांगितले आहे. ताईची ओनो यांनी टोयोटामध्ये उभी केलेली पद्धत उत्पादन समतल, म्हणजे रोज साधारण सारखे, ठेवणे, दोष दिसताच लाइन थांबवणे आणि पुरवठादारांशी दीर्घकाळ संबंध ठेवणे यांवर उभी आहे. साठा कमी होणे हा त्याचा परिणाम आहे. फेब्रुवारी १९९७ मध्ये ऐसिन या पुरवठादाराचा कारखाना जळाला, ब्रेकमधील एका लहान झडपेचा जवळजवळ सगळा पुरवठा बंद पडला आणि टोयोटाच्या बहुतेक लाइन थांबल्या. पण ज्यांनी ती झडप कधी बनवली नव्हती अशा अनेक पुरवठादारांनी, त्यात एक शिलाई यंत्रे बनवणारी कंपनीही होती, ती घाईने बनवून दिली आणि आठवड्याभरात उत्पादन पुन्हा रुळावर आले. मार्च २०११ मधील भूकंपानंतर याच टोयोटाने पुरवठादारांना चिपचा दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवायला सांगितले. त्यामुळे २०२० मध्ये अनेक वाहन कंपन्यांनी महामारीच्या सुरुवातीला चिपच्या ऑर्डर रद्द केल्या, ती क्षमता संगणक आणि इतर उपकरणांकडे गेली आणि मागणी परत आल्यावर वाहने चिपअभावी अडली, तेव्हा टोयोटा सुरुवातीला इतरांपेक्षा बऱ्या स्थितीत होती. कमी साठ्याची पद्धत जिथे रुजली, तिथेच एका विशिष्ट भागाचा साठा मुद्दाम वाढवला गेला, आणि यात विसंगती अजिबात नाही. जो भाग बनायला महिनोन्‌महिने लागतात, ज्याला दुसरा पर्याय नाही आणि जो जागाही फारशी व्यापत नाही, त्याचा साठा ठेवणे स्वस्त असते. पुठ्ठ्याच्या पेट्यांचा तसा साठा ठेवणे मूर्खपणाचे ठरेल.

तसाच विचार वस्तूच्या प्रकाराबाबतही करावा लागतो. वर्षानुवर्षे सारखी खपणारी वस्तू असेल तर खर्चावर नजर ठेवावी, आणि फॅशनच्या कपड्यांसारखी मागणी बेभरवशाची असेल तर जलद प्रतिसादासाठी थोडी क्षमता मोकळी ठेवून जादा खर्च सोसावा. मार्शल फिशर यांनी १९९७ मध्ये हा भेद मांडला आणि तो आजही उपयोगी पडतो. कधी उत्तर रचनेतच सापडते. ह्यूलेट-पॅकार्डने आपले प्रिंटर कारखान्यातच देशोदेशीचे प्लग आणि माहितीपुस्तिका घालून पाठवण्याऐवजी सर्वांसाठी एकच प्रिंटर पाठवला आणि हे भाग त्या त्या विभागाच्या वितरण केंद्रात जोडायला सुरुवात केली. त्यामुळे एका देशासाठीचा माल पडून राहणे आणि त्याच वेळी दुसऱ्या देशात टंचाई होणे कमी झाले. हा निर्णय अभियंत्यांचा की वितरणाचा, असे विचारले तर उत्तर देता येत नाही, आणि म्हणूनच तो स्वतंत्र विभागांच्या बैठकांतून सहसा निघत नाही.

जबाबदारीचा भागही आता टाळता येत नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशातील राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा आपले कपडे तिथे शिवले जात होते की नाही, हे काही ब्रँडना लगेच सांगता आले नाही. जर्मनीत १ जानेवारी २०२३ पासून मोठ्या कंपन्यांवर पुरवठादारांकडील मानवाधिकारांची दखल घेण्याचे कायदेशीर बंधन आले. माल कुठून येतो हे माहीत नसणे ही आता केवळ कामकाजातील त्रुटी राहिलेली नाही.

जो या क्षेत्रात नव्याने येतो आहे, किंवा ज्याच्यावर लहानशा कंपनीत हे काम सोपवले गेले आहे, त्याने महागड्या प्रणालीकडे वळण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात असे मी सांगतो. पहिली, संगणकातील साठा आणि रॅकवरचा साठा जुळतो का. रोज थोडे थोडे नग मोजून पाहावेत. या दोन आकड्यांत फरक असेल तर त्यावर उभारलेले प्रत्येक नियोजन, मग ते कितीही हुशार प्रणालीने केलेले असो, चुकीचेच निघणार. दुसरी, लीड टाइम. प्रणालीत भरलेला आकडा सहसा पुरवठादाराच्या जुन्या कोटेशनमधला असतो. गेल्या वर्षभरातील ऑर्डरच्या आणि माल जमा झाल्याच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या की खरा आकडा आणि त्यातला चढ-उतार दोन्ही दिसतात, आणि वर दिलेला सेफ्टी स्टॉकचा हिशोब स्वतःच्या मालासाठी करता येतो. तिसरी, विक्री, उत्पादन, खरेदी आणि वित्त यांच्याकडे पुढच्या तिमाहीचा आकडा एकच आहे की चार वेगवेगळे. बहुतेक ठिकाणी चार असतात. महिन्यातून एकदा या चौघांना बसवून एक आकडा ठरवणे आणि तो चुकला तर किती व कोणत्या दिशेने चुकला याची नोंद ठेवणे, हे कंटाळवाणे काम आहे आणि पहिल्या काही बैठकांत वादच अधिक होतात. विक्रीवाला आकडा फुगवतो कारण त्याला माल कमी पडण्याची धास्ती असते, उत्पादनवाला तो परस्पर कापतो कारण फुगवटा त्याला माहीत असतो. नोंद सहा-सात महिन्यांची झाली की हा फुगवटा आणि ही कपात दोन्ही कागदावर दिसू लागतात, आणि मग चर्चा माणसांवरून आकड्यांवर येते.